गाडी कशी बंद पडली?

मेकॅनिकसमोर मोटरसायकल लावून बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "चालता चालता बंद पडते." मेकॅनिक किक मारतो. गाडी पहिल्याच किकला सुरू होते. तो दोन-तीनदा रेस देऊन बघतो, इंजिन अगदी शहाण्यासारखं फिरत राहतं. मग दोघेही थोडे अवघडतात. गाडीवाल्याला आपण खोटे पडल्यासारखं वाटतं आणि मेकॅनिकला वाटतं, आता काहीतरी करून दाखवायला हवं. म्हणून प्लग बदलला जातो, कार्बोरेटर उघडून हवा मारली जाते, गाडी परत मिळते आणि चार दिवसांनी पुन्हा भर रस्त्यात बसते. यात मेकॅनिकचा आळस असतोच असं नाही. खटकतं ते वेगळंच. ज्याला दोष खरोखर दिसला होता तो माणूस समोर उभा होता आणि बंद पडताना नेमकं काय झालं, हे त्याला कोणी विचारलंच नाही. इंजिन दिवा मालवल्यासारखं गेलं, गचके खात गेलं, की सिग्नलला थांबताना हळूच मान टाकली? दुखणी तीन आहेत, पण तिन्हींना एकच औषध दिलं जातं.

गाडीवाल्याला ते आठवत नाही, यातही नवल नाही. त्या क्षणी लक्ष मागून येणाऱ्या ट्रककडे असतं आणि ते तिथेच असायला हवं. क्लच दाबायचा, इंडिकेटर द्यायचा, वेग आहे तोवर गाडी कडेला घ्यायची, बाकी सगळं नंतर. पण कडेला आल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे किकांचा मारा, आणि पुरावा तिथेच पुसला जातो. किक मारत राहिलं की प्लग पेट्रोलने ओला होतो, मग मुळात तो कोरडा होता की ओला, हे कळायची सोय राहत नाही. सेल्फ सतत मारला तर बॅटरी उतरते आणि एकाचे दोन दोष होतात. म्हणून आधी चावी चालूच ठेवून मीटरकडे बघावं. न्यूट्रलचा दिवा लागतोय का? हॉर्न नेहमीसारखा वाजतोय का? इंजिन बंद करणारा हँडलवरचा किल स्विच अंगठ्याने चुकून सरकला नाही ना? हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण हातमोजे घालून चालवणाऱ्यांना विचारा.

तर पहिला प्रकार, एकदम जाण्याचा. वेग चांगला आहे, इंजिन गोड चाललंय आणि मधेच आवाज गायब. ना गचका, ना खोकला. असं झालं की नव्वद टक्के संशय करंटवर धरावा, कारण पेट्रोल कधी असं क्षणात संपत नाही. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे तळाच्या वाटीत, जे उरलेलं असतं ते इंजिनाला थोडं तरी रडतखडत नेतं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर आणखी एक खूण मिळते. क्लच दाबायच्या आधी, चाक अजून इंजिनाला फिरवत असतानाच काटा धाडकन शून्यावर आला, तर ठिणगीचा सिग्नलच तुटला. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर ठिणगी होती, दुसरंच काहीतरी कमी पडलं. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये ही खूण मिळत नाही, तो काटा इंजिन फिरतंय तोवर फिरतोच.

हेडलाइट गेला की नाही, हेही बघतात, पण तिथे फसायला होतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) करंटवर चालतो, म्हणजे इंजिन थांबलं की तो जाणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर असतात, साक्ष त्यांची घ्यावी. तेही मेले असतील तर मेन फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि चावीच्या स्विचखालची वायर, या क्रमाने हात लावावा. टर्मिनलचा स्क्रू वरून घट्ट दिसतो आणि बोटाने हलवला की हलतो. खड्ड्यात गाडी आपटली की तेवढ्यापुरता संपर्क सुटतो. फ्यूज गेलेला असेल तर त्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून चॅसीला लागते आहे, ती शोधावी. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे भेटतात. गाडी चालते खरी, पण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

हॉर्न खणखणीत वाजतोय आणि इंजिन मात्र मुकं आहे, असं असेल तर शोध इग्निशनच्या वायरींपुरता उरतो. इथे गाडी कोणत्या जातीची आहे हे माहीत असलेलं बरं, कारण किल स्विच दोन उलट पद्धतींनी काम करतो. ज्या जुन्या गाड्यांत सीडीआयला (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) करंट थेट मॅग्नेटच्या कॉइलमधून मिळतो, तिथे किल स्विच सीडीआयची एक वायर अर्थ करतो (चॅसीला जोडतो). म्हणजे वायर तुटली तर गाडी बंदच होणार नाही. पण तीच वायर सोलून चॅसीला टेकली तर धावती गाडी मरेल. सीडीआयपासून ती वायर तात्पुरती सोडवून पाहिली आणि ठिणगी आली, तर दोष सापडला. मात्र मग चावीने किंवा स्विचने इंजिन बंद होणार नाही, हे लक्षात ठेवून गिअरमध्ये क्लच सोडून किंवा चोक ओढून ते थांबवावं लागेल. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये आणि फ्युएल इंजेक्शनमध्ये नेमकं उलटं: स्विच करंट तोडतो, त्यामुळे तिथे तुटलेली वायर, गंजलेला संपर्क, सैल कपलर मारक ठरतात. एका गाडीवर शिकलेली युक्ती दुसरीवर लागू पडत नाही याचं निम्मं कारण एवढंच.

या तुटलेल्या वायरी बहुधा हँडलच्या मानेपाशी सापडतात. हँडल हजारो वेळा डावी-उजवीकडे वळतं, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतली तांब्याची तार एकेक धागा करून तुटते. बोटांत धरून दुमडली की तेवढीच जागा मऊ, पोकळ लागते. तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता, सुरू ठेवायची आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं. इंजिन चुकलं किंवा बंद पडलं तर वायर. उलट रेस वाढली तर वायरचा दोष नाही, ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. हल्लीच्या गाड्यांत साइड स्टँडचाही स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद, अशी ती सुरक्षेची व्यवस्था. त्याची स्प्रिंग ढिली झाली की खडबडीत रस्त्यावर स्टँड थोडासा उसळतो, स्विचला वाटतं स्टँड उतरला, आणि इंजिन क्षणभर जातं. चिखल बसला तरी तेच. थांबून बघावं तर स्टँड वरच असतो, गाडीही सुरू होते. असे दोष माणसाला भुताखेतांवर विश्वास ठेवायला लावतात.

आणि मग ते गरम झाल्यावरचं दुखणं.

थंड गाडी अर्धा तास झकास चालते, मग एकदम जाते. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर जाते. हे बहुधा इग्निशन कॉइलचं किंवा मॅग्नेटच्या कव्हरमध्ये बसणाऱ्या पिकअप कॉइलचं लक्षण. मेकॅनिक तिला पल्सर कॉइल म्हणतात. या कॉइलींत केसासारखी बारीक तार शेकडो-हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. कुठेतरी तिला बारीक तडा गेलेला असतो किंवा तिचं इनॅमल सोललेलं असतं. थंड असताना दोन टोकं टेकलेली राहतात, तापल्यावर तार प्रसरण पावते आणि संपर्क सुटतो. दोष असा की गॅरेजपर्यंत जाईतो कॉइल निवते, मल्टिमीटरवर रेझिस्टन्स बरोबर येतो आणि कॉइल निर्दोष सुटते. तिला पकडायचं तर रस्त्यावरच, बंद पडल्यानंतर लगेच. त्यासाठी टूलकिटमध्ये प्लगचा पाना आणि एक चालू प्लग असला की पुरतं. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्यावा, त्याची कॅप काढून जवळच्या प्लगला लावावी, त्या प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवावं आणि किक मारून बघावं. निळसर-पांढरी ठिणगी टक् टक् असा आवाज करत उडाली तर करंट ठीक. पिवळट, बारीक, अधूनमधून उडणारी असेल किंवा काहीच नसेल तर तिथेच शोध संपला. प्लग हवेत धरून किक मारू नये, ठिणगीला वाट मिळाली नाही की चांगल्या कॉइलवर आणि सीडीआयवर ताण येतो. हातात धरलेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. गॅरेजमध्ये हेच सिद्ध करायचं तर कॉइल हेअर ड्रायरने तापवत रेझिस्टन्स मोजावा. आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेतून वाढत वाढत अनंतावर गेला की वाद मिटतो. प्लगची कॅपही मोजून टाकावी. बऱ्याच कॅपमध्ये 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो आतून जळाला की गाडी ओल्या हवेत आणि चढावर जास्त चुकते. अंधारात इंजिन चालू ठेवून कॅपकडे आणि जाड वायरीकडे बघितलं तर गळणारी निळी ठिणगी कधी कधी डोळ्यांनीच दिसते.

दुसरा प्रकार गचके खात जाण्याचा. इंजिन पुढे ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं, ॲक्सिलरेटर पिळूनही वेग वाढत नाही, आणि शेवटी दम तुटतो. हे पेट्रोलचं दुखणं. टाकीत पेट्रोल आहे आणि टाकीखालचा कॉक चालू आहे हे बघून झालं की सर्वांत आधी टाकीचं झाकण उघडावं, तेही बंद पडल्याबरोबर, मागाहून नाही. झाकणात हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने, पॉलिशने किंवा फुगलेल्या रबराने बुजलं, की जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी आत पोकळी तयार होते. थोड्या वेळाने ती पोकळीच पेट्रोलला खाली येऊ देत नाही. झाकण उघडताना हवा आत ओढली जाण्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालायला लागली तर आणखी काही खोलायची गरज नाही. या दोषाची एक गंमत म्हणजे टाकी काठोकाठ भरली की त्रास लवकर सुरू होतो. वर हवेला जागाच कमी असल्यामुळे थोडंसं पेट्रोल गेलं तरी दाब भराभर उतरतो. लोक मग पेट्रोल पंपाला शिव्या घालतात.

झाकण निर्दोष असेल तर पेट्रोलचा प्रवाह बघावा. इंजिन निवल्यावर, आसपास आग नाही याची खात्री करून, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडायची आणि कॉक उघडायचा. धार सलग पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन मग थेंबाथेंबावर आली तर कॉकची जाळी किंवा फिल्टर तुंबलाय. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतो, तिथे इंजिन बंद असताना धार न येणं हेच बरोबर. त्याचा पडदा फाटला असेल तर तो नीट उघडत नाही, किंवा पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतूनच इंजिनात शिरतं. रिझर्व्हचंही असंच आहे. कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात, एक तळापासून वर उभी असलेली नळी, दुसरं अगदी तळाशी. रिझर्व्हवर टाकलं की तळाचं पेट्रोल येतं आणि तळाशी महिनोन्‌महिने साचलेलं पाणी व गंजही त्याच्याबरोबर येतात. रिझर्व्हवर टाकल्यावर दहा मिनिटांनी गाडी बसली तर योगायोग मानू नये. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कार्बोरेटरच्या बाऊलखाली एक स्क्रू असतो, तो सैल करून बाऊलमधलं पेट्रोल स्वच्छ, पारदर्शक बाटलीत घ्यायचं आणि दोन मिनिटं स्थिर ठेवायचं. तळाशी गोळे करून बसलेलं पाणी उघड दिसतं. पाणी दिसलं तर नुसता बाऊल रिकामा करून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच बाटली पुन्हा भरायची.

कचरा कोणत्या जेटमध्ये (कार्बोरेटरातल्या बारीक छिद्राच्या पितळी भागात) अडकलाय हेही गाडीच सांगते. कमी वेगात ठीक आणि पूर्ण पिळल्यावर दम जातो, पण थोडं सोडलं की सावरते, तर मेन जेट. वर ठीक आणि स्लोवर मरते, तर पायलट जेट, ज्याचं छिद्र 0.4 मिलीमीटरच्या आसपास असतं आणि नुसत्या डोळ्यांनी ते उघडं आहे की बंद ते नीट कळत नाही. उजेडासमोर धरून बघावं. त्यात तार घालायचा मोह होतो, तो आवरावा. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त खाते. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरायचं. रस्त्यात उभ्या उभ्या करायची आणखी एक चाचणी म्हणजे चोक, जो ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडी गचके देत असताना चोक थोडा ओढला आणि ती सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फाजील हवा शिरते आहे. चोक ओढल्यावर आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, मग बाऊलमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा फ्लोट अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का हे बघायचं. पेट्रोल जास्त होऊन बसलेली गाडी सुरू करताना चोक अजिबात न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि मग पाच-सात किका. तरी न जमल्यास प्लग काढून पुसून घ्यावा. प्लग काढलाच आहे तर वास घेऊन बघा. ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल येतंय, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोलच जास्त झालंय. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचलेलं नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात सोज्वळ दिसणारा. वेगात काही तक्रार नाही. क्लच दाबला, ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिन विझतं. स्लो कमी असेल तर तो स्क्रू फिरवून गाडी गरम असताना मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच लहान इंजिनांत 1300 ते 1500 आरपीएमवर, आणावा. पण स्लो वारंवार वाढवावा लागत असेल तर स्क्रूचा दोष नाही. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबराला भेग पडलेली असू शकते. स्लोवर इंजिन चालू ठेवून त्या रबराभोवती साबणाचं पाणी शिंपडावं. आवाजात फरक पडला तर तिथून हवा जाते. तेही ठीक निघालं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट.

टॅपेटबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. ढिलं टॅपेट टकटक आवाज करतं म्हणून गाडीवाला तक्रार करतो, मेकॅनिक आवळतो, आवाज जातो, सगळे खूश. घट्ट टॅपेट आवाज करत नाही. ते फक्त इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, कॉम्प्रेशन गळतं, गाडी सिग्नलला मरते, गरम असताना सुरू व्हायला त्रास देते आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. गॅप किती ते गाडीनुसार बदलतं, लहान इंजिनांत साधारण 0.05 ते 0.15 मिलीमीटर, एक्झॉस्टचं बहुधा थोडं जास्त. मोजायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून आणि फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. कानाने आणि अंदाजाने टॅपेट लावणारे हात असतात, नाही असं नाही. पण गेजला तेवढी नजर लागत नाही आणि तो कधी घाईत नसतो.

इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटर नाही म्हणून हे सगळं संपतं असं नाही, जागा बदलतात. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा गुंजल्यासारखा आवाज यायला हवा. नाही आला तर पंपाचा फ्यूज, रिले आणि किल स्विच आधी, पंप नंतर. स्लोवर मरत असेल तर थ्रॉटल बॉडीवर काजळी बसलेली असते किंवा स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकतो. गाडी पडून उचलल्यावर सुरू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करावी, आडवं झाल्यावर इंजिन थांबवणारा सेन्सर तसा पूर्ववत होतो. बॅटरीची ढिलाई या गाड्यांना सोसत नाही. उभ्या गाडीत 12.4 ते 12.7 व्होल्ट आणि रेस दिल्यावर साधारण 13.5 ते 14.5 मिळायला हवेत. चार्जिंगच होत नसेल तर गाडी काही काळ बॅटरीवर धावते आणि मग मीटर मंदावत, गचके देत, पेट्रोल संपल्याचं सोंग आणून मरते. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर लांब आणि आखूड चमक मोजून लिहून घ्यावी, तो दोषाचा क्रमांक असतो.

एका प्रकारात मात्र वरचं काहीच करायचं नाही. बंद पडण्याआधी गाडी मागून कोणीतरी धरल्यासारखी जड झाली, मागचं चाक घासलं आणि किक दगडासारखी लागली, तर पिस्टन सिलिंडरमध्ये पकडलाय, म्हणजे अडकून बसलाय. क्लच तत्काळ दाबायचा, कारण चाक लॉक झालं तर पडायला वेळ लागत नाही. इंजिन पूर्ण निवेपर्यंत किकला हात लावायचा नाही. निवल्यावर ती सुटते आणि गाडी सुरूही होते, तिथेच माणूस फसतो. ऑइलची पातळी बघितल्याशिवाय आणि सिलिंडर उघडून ओरखडे तपासल्याशिवाय ती चालवू नये.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या दारात दोन मिनिटं स्लोवर चालवून बघण्याला काही अर्थ नसतो. गाडी ज्या परिस्थितीत बसायची तीच पुन्हा उभी करावी लागते: तेवढंच अंतर, तेवढाच वेग, टाकीत तेवढंच पेट्रोल, गरम असताना जायची तर तेवढीच गरम. वीस किलोमीटरवर बसणारी गाडी सलग चाळीस चालवून बघावी, मागे दुसरी गाडी असेल तर उत्तम. आणि एका वेळी एकच भाग बदलावा. प्लग, कॉइल आणि सीडीआय एकदम बदलले तर गाडी सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि काढलेले तीन भाग, त्यातले बहुधा दोन चांगले, भंगारात जातील.